बाळोते, डायपर आणि आपली जकात




रमजान जवळ आला की मोहल्ल्या-मोहल्ल्यांत मदतीच्या याद्या तयार होतात. तांदूळ, डाळ, तेल, साखर, खजूर, शेवया अशा पिशव्या बांधल्या जातात आणि गरजू घरांपर्यंत पोहोचवल्या जातात. हे पुण्यकर्म आहे, यात शंका नाही. परंतु त्या यादीवर एकदा नीट नजर टाका. ज्याला अजून दात आलेले नाहीत, जो तांदूळ खात नाही आणि खजूर चावू शकत नाही, अशा घरातील सर्वांत लहान जीवासाठी त्या पिशवीत काय असते? बहुतेक वेळा काहीच नसते. या महिन्याच्या पाठात आपण त्याच जीवाच्या एका साध्या गरजेचा, म्हणजे त्याच्या लंगोटाचा, शरीअतच्या प्रकाशात विचार करणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात तान्हे बाळ आहे आणि हातात पैसा नाही, त्या घराला तो क्षुल्लक वाटत नाही.

गरज किती मोठी आहे?

प्रथम हिशेब करू. तान्हे बाळ दिवसातून सहा-आठ वेळा तरी कपडा ओला करते. एक डायपर दहा रुपयांचा धरला आणि काटकसर करून दिवसाला पाचच वापरले, तरी रोजचे ५० रुपये आणि महिन्याचे १५०० रुपये होतात. ज्या बापाची रोजची मजुरी ४०० रुपये आहे, त्याच्या जवळपास चार दिवसांच्या कमाईएवढी ही रक्कम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बाळांच्या डायपरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेवढा दिलासा मिळाला, पण त्याने मजुराचे गणित बदलत नाही. रेशनच्या दुकानात धान्य मिळते, अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो. लंगोट मात्र कोठेच मिळत नाही.

यावर घरातील वडीलधारी मंडळी म्हणतील, “आम्ही जुन्या लुगड्यांच्या आणि लुंगीच्या बाळोत्यांवर दहा लेकरे वाढवली. ही नवी थेरं कशाला?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. मऊ सुती कापडाचे, स्वच्छ धुतलेले आणि उन्हात वाळवलेले बाळोते उत्तमच. परंतु बाळोत्याला तीन गोष्टी लागतात: पाणी, ऊन आणि धुणाऱ्या आईचा वेळ. ज्या वस्तीत नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येते, तेथे रोज पंधरा बाळोती कोणत्या पाण्यात धुवायची? मुंब्रा, गोवंडी, भिवंडी येथील एका खोलीच्या घरात, पावसाळ्याच्या दिवसांत, ती वाळत कोठे घालायची? आणि जी आई सकाळी चार घरची धुणी-भांडी करायला जाते, तिने बाळ शेजारणीकडे किंवा पाळणाघरात ठेवायचे तर तेथे डायपर मागितलेच जाते. तात्पर्य, श्रीमंताच्या घरी जी सोय आहे, ती या आईसाठी अनेकदा रोजगार टिकवण्याची अट असते.

पैसे पुरत नाहीत तेव्हा काय होते, हेही जाणून घ्या. एकच डायपर रात्रभर आणि पुढे दुपारपर्यंत राहते. काही घरांत ते वाळवून पुन्हा बांधले जाते. ओलाव्याने बाळाची कोवळी कातडी लाल होते, सोलवटते, त्यावर बुरशी येते. बाळ रडते, आई जागते, दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा खर्च होतो. वाचवलेले दहा रुपये शेवटी शंभर रुपये घेऊन जातात.

प्रेषितांचा तान्हुल्यांशी व्यवहार

आपल्या दीनमध्ये तान्हुल्याची विष्ठा-मूत्र हा लाजेचा किंवा कपाळाला आठ्या घालण्याचा विषय नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत उम्मे कैस बिन्त मिहसन (रजि.) यांची घटना आली आहे. त्या आपले दूधपिते बाळ घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या. प्रेषितांनी बाळाला मांडीवर घेतले आणि बाळाने त्यांच्या कपड्यांवर लघवी केली. प्रेषितांनी त्या माऊलीला दटावले नाही, बाळाला दूर लोटले नाही. पाणी मागवले आणि त्या जागेवर टाकले, बस. अबू कतादा (रजि.) सांगतात की प्रेषितांनी आपली नात उमामा (रजि.) हिला खांद्यावर घेऊन नमाज पढवली; सजद्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. नमाज लांबवण्याचा मनोदय असूनही बाळाचे रडणे कानी पडताच, आईच्या मनाची घालमेल लक्षात घेऊन, ते नमाज आटोपती घेत असत.

विचार करा: ज्या उम्मतच्या प्रेषितांनी बाळाच्या रडण्यासाठी नमाज आखूड केली, त्या उम्मतच्या मोहल्ल्यात एखादे बाळ ओल्या कपड्यात रात्रभर रडत असेल, तर ते कोणाच्या कानी पडायला हवे?

आईची नमाज

या विषयाची आणखी एक बाजू आहे आणि इमाम म्हणून मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अनेक भगिनी बाळंतपणानंतर निफासचा काळ संपला तरी महिनोन् महिने नमाज पढत नाहीत. कारण विचारले तर म्हणतात, “बाळ लहान आहे, कपडे पाक राहत नाहीत.” भगिनींनो, हे कारण नमाज सोडण्यास पुरेसे नाही, परंतु आम्हा पुरुषांनी तुमची अडचणही समजून घेतली पाहिजे. जिच्याकडे तीनच जोड कपडे आहेत आणि घरात दोनच हंडे पाणी आहे, तिला केवळ मसअला सांगून चालणार नाही.

मसअला असा आहे. हनफी मसलकनुसार मुलगा असो वा मुलगी, दोघांची लघवी नापाक आहे आणि ती जागा धुवावी लागते. शाफई मसलकनुसार, आणि कोकणातील आपले बहुसंख्य बांधव याच मसलकचे आहेत, दोन वर्षांच्या आतील जो मुलगा दुधाखेरीज अन्न खात नाही, त्याची लघवी लागलेल्या जागेवर सर्वत्र पाणी शिंपडणे पुरेसे आहे. मुलीच्या बाबतीत मात्र धुणे आवश्यक आहे. दोन्ही मसलकांत संपूर्ण पोशाख बदलणे आवश्यक नाही. जेवढी जागा नापाक झाली, तेवढीच पाक करायची असते. नमाजसाठी एक ओढणी आणि एक जोड वेगळा ठेवला, बाळाला आधी कोरडे केले, तर दहा मिनिटांत फर्ज अदा होते. भरलेला लंगोट असलेल्या बाळाला कडेवर घेऊन मात्र नमाज पढू नये.

म्हणून जो कोणी एखाद्या गरीब आईला चार कोरडे लंगोट, एक बादली आणि साबण देतो, तो केवळ बाळाच्या कातडीला आराम देत नाही. तो तिच्या नमाजची वाट मोकळी करतो.

जबाबदारी कोणाची?

दिव्य कुरआनच्या सूरह बकरा, आयत २३३ मध्ये स्तनपानाचा काळ, तसेच मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी सांगितली आहे. ती प्रथम पित्यावर आहे, रूढ रीतीप्रमाणे आणि त्याच्या ऐपतीप्रमाणे. तेव्हा प्रथम पित्यांना विनंती: तंबाखू-माव्याच्या पुड्यांवर रोज जे पैसे जातात, त्यांचा हिशेब बाळाच्या पाळण्याशेजारी बसून करा. आपल्यावर अवलंबून असलेल्यांना वाऱ्यावर सोडणे हे माणसाला गुन्हेगार ठरवण्यास पुरेसे आहे, असा हदीसचा आशय आहे.

परंतु तीच आयत पुढे वारसावरही तशीच जबाबदारी टाकते. म्हणजे पिता नसेल तर बाळ निराधार होत नाही. काका, आजोबा, आप्त यांच्याकडे दृष्टी वळते. आणि आप्तही असमर्थ असतील तर? याचे उत्तर ह. उमर (रजि.) यांच्या खिलाफतमध्ये मिळते. मदीनेबाहेर एक व्यापारी तांडा उतरला होता आणि रात्री ह. उमर व अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) त्याच्या राखणीला गेले होते. एक बाळ सारखे रडत होते. ह. उमर त्याच्या आईला पुन्हा पुन्हा समजावत राहिले. अखेर ती, समोर कोण आहे हे न ओळखता, म्हणाली की मी याचे दूध वेळेआधीच तोडते आहे, कारण उमर दूध तुटलेल्या मुलांनाच भत्ता देतात. त्या पहाटेच्या नमाजमध्ये ह. उमर यांचा कंठ इतका दाटून आला की लोकांना किराअत नीट ऐकू येईना. नमाजनंतर त्यांनी दवंडी पिटवली की मुलांचे दूध तोडण्याची घाई करू नका, यापुढे जन्मलेल्या प्रत्येक बाळाला भत्ता मिळेल.

या घटनेतील धडा लक्षात घ्या. खलीफांची योजना वाईट हेतूची नव्हती. पण तिच्या नियमात तान्हे बाळ बसत नव्हते. त्यांनी आईला दोष दिला नाही, नियम बदलला. आपल्या मदतीच्या पिशव्यांचा नियमही असाच बदलण्याची वेळ आली आहे.

जकातीचे काही मसअले

एक: सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत फकीर आणि मिस्कीन अग्रस्थानी आहेत. हनफी मसलकनुसार ज्याच्याकडे मूलभूत गरजा व कर्ज वगळून निसाबएवढी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी, मालमत्ता नाही, त्याला जकात देता येते. अज्ञान बालकाबाबत त्याच्या पित्याची स्थिती पाहिली जाते.

दोन: हनफी मसलकनुसार जकात रोख रकमेऐवजी वस्तूच्या रूपानेही देता येते. मात्र ती वस्तू हक्कदाराच्या मालकीत गेली पाहिजे. तुम्ही औषधाच्या दुकानदाराला आगाऊ पैसे दिले, एवढ्याने जकात अदा होत नाही. पाकीट बाळाच्या आईच्या किंवा वडिलांच्या हाती पडते, तेव्हा ती अदा होते. शाफई बांधवांनी रोख रकमेची जकात रोखच द्यावी आणि खरेदी त्या कुटुंबावर सोपवावी.

तीन: वाहतूक, साठवण, पिशव्या यांचा खर्च जकातीतून करू नये, त्यासाठी लिल्लाह रक्कम वेगळी ठेवावी.

चार: आपल्या मुलीच्या किंवा नातवंडांच्या लंगोटासाठी आपली जकात चालत नाही; तो खर्च आपल्या अन्य पैशातून करावा. गरजू बहीण, भाऊ, भाची, पुतण्या यांना जकात देता येते आणि त्यात सदका व नातेसंबंध जोडणे असे दुहेरी पुण्य आहे.

पाच: सय्यद कुटुंबांना तसेच मुस्लिमेतर शेजाऱ्यांना जकात नव्हे, तर नफ्ल सदका द्यावा. भिंतीपलीकडचे बाळ कोणत्या घरचे आहे, हे विचारून त्याचे रडणे कमी होत नाही.

मोहल्ल्याने काय करावे?

आपल्या मराठी मुलखात बाळंतविडा देण्याची जुनी रीत आहे. तिलाच नवे रूप द्या. मस्जिदच्या समितीने, घरातील भगिनींच्या हातून, असा एक बाळंतविडा तयार करावा: मऊ सुती कापडाचे १५ लंगोट, दोन दुपटी, झाकणाची एक बादली, साबण, आणि रात्र, प्रवास, आजारपण व पावसाळी दिवसांसाठी डायपरचे एक मोठे पाकीट. कापडी आणि विकतचे, दोन्हींची सांगड घातल्यास खर्च निम्म्यावर येऊ शकतो. ज्या घरी पाण्याची टंचाई आहे किंवा आई कामावर जाते, तेथे दरमहा पाकीट द्यावे. अपंगत्वामुळे मोठ्या वयातही ज्यांना लंगोट लागतो, अशा मुलांना विसरू नये. त्यांच्या आईवडिलांचा खर्च दोन वर्षांत संपत नाही.

कोणत्या घरी बाळ जन्मले, हे आशा सेविकेला आणि अंगणवाडी ताईंना ठाऊक असते. त्यांची मदत घ्यावी. पात्र मातांचा प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज भरून द्यावा. पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये मातेच्या खात्यात येतात. वापरलेले डायपर गटारात किंवा उघड्यावर टाकू नये. मैला शौचालयात टाकून, डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळे द्यावे. स्वच्छता हा ईमानचा भाग आहे आणि कचरा उचलणाऱ्या माणसाचाही आपल्यावर हक्क आहे.

ज्यांच्या घरी अकीका आहे, त्यांना एक सूचना. बाळाच्या जावळाच्या वजनाइतकी चांदी सदका करण्याची रीत प्रेषितांच्या शिकवणीतून आली आहे. ती रक्कम लहानच असते. तिच्यात आपल्या ऐपतीप्रमाणे भर घालून, त्याच आठवड्यात जन्मलेल्या एखाद्या गरीब बाळाचा बाळंतविडा द्या. आपल्या लेकराच्या नावाने दुसऱ्याचे लेकरू कोरडे झोपेल.

देताना अब्रू जपा

शेवटी एक कळकळीची गोष्ट. मदत घेणाऱ्या आईचे छायाचित्र काढून मोबाईलवर फिरवू नका. सूरह बकरामध्ये उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून दान वाया घालवू नका, असे बजावले आहे. गुप्तपणे दिलेले दान अधिक चांगले असल्याचे सांगितले आहे. आणि अशा गरजूंचाही उल्लेख आहे, जे हात पसरत नाहीत, म्हणून अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. धान्य मागताना जेवढी लाज वाटत नाही, तेवढी बाळाचा लंगोट मागताना वाटते. म्हणून ती मागेल याची वाट पाहू नका. बाळ जन्मले की बाळंतविडा घरी जावा, एका भगिनीने दुसऱ्या भगिनीच्या हाती द्यावा, आणि बाळाचे कौतुक करून परत यावे.

या शुक्रवारी आपल्या मस्जिदच्या जबाबदार मंडळींना एवढेच विचारा: आपल्या मोहल्ल्यात दोन वर्षांखालील मुले किती घरांत आहेत आणि त्यांपैकी किती घरे अडचणीत आहेत? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की अर्धे काम झाले.

अल्लाह आपल्या जकाती व सदके स्वीकारो, मातांचे कष्ट हलके करो आणि आपल्या तान्हुल्यांना निरोगी व नेक आयुष्य देवो. आमीन.