दोन निळ्यांतला तुझा कुठला?

अगं, शेड कार्डाचा फोटो पाठवून विचारतेस, "ताई, यातला कुठला घेऊ?" मोबाईलवर मला ते दोन्ही निळे एकच दिसतात गं. फोटोवरून रंग ठरवायचाच नसतो. त्यापेक्षा मला सांग, त्या खोलीत तू असतेस कधी?

सकाळी साडेआठला तू गोदामात पॅकिंगला जातेस आणि अंधार पडल्यावर घरी येतेस. म्हणजे रविवार सोडला तर ती भिंत तुला ट्यूबलाइटच्या उजेडातच दिसणार. दुकानदार मात्र कार्ड घेऊन तुला बाहेर उन्हात नेतो आणि तिथे दोन्ही निळे गोडच दिसतात. निळा रंग उजेडाप्रमाणे फार बदलतो. दिवसा जुळे वाटणारे दोन निळे वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून बनलेले असले, तर ट्यूबखाली त्यांच्यात चांगलाच फरक पडतो. बल्बच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असेल तर तो पांढरा निळसर उजेड. त्यात निळा आणखी थंड वाटतो. ३००० चा पिवळट बल्ब लावलास तर तोच निळा मळकट, कधी हिरवट दिसायला लागतो. म्हणून आधी दिवा कुठला राहणार ते ठरव, रंग नंतर.

आता त्या दोन निळ्यांचं. कोऱ्या पांढऱ्या कागदावर दोन्ही चौकटी शेजारी शेजारी ठेव आणि नीट बघ. एकटा असला की प्रत्येक निळा निळाच वाटतो. दुसऱ्याच्या शेजारी आला की आतला रंग बाहेर येतो. एक जांभळ्याकडे झुकलेला असेल, दुसरा मोरपंखीकडे, नाहीतर राखाडीकडे. तुझी फरशी क्रीम रंगाची, पिवळट झाक असलेली. तिच्याजवळ जांभळट निळा जास्तच उठून दिसतो. शिवाय खिडकीसमोर गोदामाचा पत्रा आहे, दुपारी त्याच्यावरून तिरीप आत येते. हे सगळं कार्डावर कुठून कळणार?

म्हणून सर्वांत छोटे डबे घे, दोन्ही शेडचे. जो इमल्शन भिंतीला लावायचा तोच, त्याच फिनिशचा. कारण कोड तोच असला तरी मॅट वेगळा दिसतो आणि चकाकीवाला वेगळा. जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मार, कडेला बोटभर पांढरं सोड, पूर्ण सुकू दे. ओला इमल्शन फिका दिसतो, सुकला की गडद होतो. मग ते शीट खिडकीसमोरच्या भिंतीवर चिकटव, दुसऱ्या दिवशी कपाटाजवळच्या कोपऱ्यात. भिंतीवर थेट ठिपके मारू नकोस. जुन्या पिवळ्या रंगामुळे डोळा फसतो.

आणि सासूबाईंना विसरू नकोस. तू कामावर असतेस तेव्हा दुपारभर त्या खोलीत त्याच असतात. त्यांना दुपारी दाखव, तू रात्री बघ. दोघींना आपापल्या वेळी जो बरा वाटेल तो घ्यायचा. घरातल्या माणसाला रोज बघून जड वाटणारा रंग कितीही फॅशनचा असला तरी नको.

आजीच्या घरी चुन्यात नीळ घालून भिंती रंगवायचे, आठवतं? कपड्यांचीच नीळ ती, अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढत, फार महाग पडायचा. १८२८ मध्ये फ्रान्समध्ये गिमे नावाच्या माणसाने तो कृत्रिमरीत्या बनवून दाखवला, आणि पुढे तो आपल्यासारख्यांच्या भिंतीवर आला. चुन्याच्या क्षाराने तो बिघडत नाही. प्रशियन ब्लू नावाचा दुसरा जुना निळा चुन्यात टिकतच नाही, तपकिरी पडतो. सिमेंटचा नवा गिलावाही असाच क्षारयुक्त असतो. तू पोटमाळ्याखालची जी भिंत नव्याने करून घेतलीस, ती नीट सुकू दे आणि तिला प्रायमर मारल्याशिवाय पेंटरला रंगाचा डबा उघडू देऊ नकोस. तसंही आपल्याकडे खाडीची दमट हवा. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, ऑक्टोबरचं ऊन चार दिवस लागू दे. ओल्या भिंतीवर कुठलाही निळा लाव, त्याचे पापुद्रेच निघणार.

दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंच. दारं-खिडक्या वजा करून चारही भिंतींना दोन हातांसाठी तीन-साडेतीन लिटर रंग पुरतो. सगळा एकदम, एकाच दुकानातून, एकाच वेळी मशीनवर करून घे. डबे दोन असतील तर पेंटरला सांग, मोठ्या बादलीत ओतून एकजीव कर. दोन डब्यांत उन्नीस-बीस निघालं तर भिंतीच्या मधोमध दिसतं. आणि चारही भिंती लागल्या की त्या एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे खोली कार्डापेक्षा गडद वाटते. आवडलेल्या चौकटीच्या एक पायरी वरचा, फिका घ्यायचा तो यासाठी.

माझं मत विचारशील तर ज्या निळ्यात राखेची झाक आहे तो घे. तो दुपारी भडक होत नाही आणि ट्यूबखाली जांभळाही पडत नाही. कंटेनरच्या रस्त्यावरची धूळ घरात येतेच, ती त्यावर कमी दिसेल; धुता येणारा इमल्शनच माग. पण शीट लावून बघितल्यावर तुम्हा दोघींचं मन दुसऱ्यावर बसलं, तर दुसरा घ्या. राहायचं तुम्हाला आहे.

आणि काम झाल्यावर डब्याचं झाकण फेकू नकोस. शेडचा कोड, बेस आणि तारीख असलेलं स्टिकर बहुतेक त्यावरच असतं. पुढच्या वर्षी खिळ्याचं भोक बुजवायचं झालं तर तेच लागेल.