खुडूक कोंबडी उठवू नका, बसवा



दिवाळी झाली. आतापासून फेब्रुवारीपर्यंत घरची पिल्लं काढायला चांगला काळ आहे. कोंबडी खुडूक झाली की अंडी बंद होतात, म्हणून काही घरांत तिला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस घालतात. यंदा एक-दोन कोंबड्यांना तरी तसं करू नका. बाजारातून आणलेलं पिल्लू पैसे घेतं आणि कधी कधी रोगही घेऊन येतं.

गिरिराज, वनराज अशा सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यासाठी गावरान कोंबडीच हवी. तिला जबरदस्तीनं बसवता येत नाही, मात्र मन वळवता येतं. रोजची अंडी रोज उचलली तर ती बसणार नाही. अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात बांबूच्या पाटीत थोडी माती, वर पेंढा घाला आणि 5-6 जुनी अंडी पेन्सिलीनं खूण करून तिथंच राहू द्या. ताजी अंडी मात्र काढत राहा. लोखंडी घमेलं नको, ते लवकर तापतं आणि लवकर गार पडतं.

पिसं फुगवून ती दिवसरात्र पाटीत बसली, हात नेला की कुरकुरून चोच मारू लागली, की खुडूक झाली समजा. तरी दोन दिवस खुणेच्या अंड्यांवरच बसू द्या. टिकली तर रात्री अंधारात ती काढून चांगली अंडी एकदम ठेवा. मध्यम कोंबडीला 10 ते 12 पुरेत. जास्त ठेवली की कडेची गार पडतात.

अंडी कोणती? 10 कोंबड्यांमागे 1 कोंबडा फिरतो अशा कळपातली, 7 दिवसांच्या आतली. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, त्या कोंबड्यांत कोंबडाच नसतो. अंडी फ्रीजमध्ये ठेवू नका, धुऊ नका. गार जागी, टोकदार बाजू खाली करून ठेवा. उन्हाळ्यात तर बसवूच नका. मागच्या मे महिन्यात आमच्या आईनं ऐकलं नाही. 12 अंड्यांतून 3 पिल्लं निघाली, बाकी सगळी कुजली.

बसवण्याआधी कोंबडीच्या पंखांखाली उवा बघा. असतील तर अंड्यांवर ती स्वस्थ बसत नाही, मधेच उठून जाते. जवळच राख आणि बारीक माती मिसळून ठेवा, ती त्यात लोळते. दिवसातून एकदा 15-20 मिनिटं ती खाली उतरते, तेव्हा दाणे आणि पाणी समोर असू द्या. एरवी हात लावू नका. अंडी ती स्वतःच फिरवते.

सातव्या-आठव्या रात्री मोबाईलची टॉर्च अंड्याच्या रुंद बाजूला लावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं भरलंय. नुसतं पिवळट, स्वच्छ दिसलं तर काढून टाका, पुढे ते पाटीतच फुटून घाण करतं.

21व्या दिवशी कवच फुटायला लागतं. घाई करून सोलू नका, पिल्लाला रक्तस्राव होतो. पिल्लाच्या पोटात बलक असतो, पहिला दिवस खाणं नसलं तरी चालतं. नंतर मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी द्या, आणि पाणी उथळ ताटलीत खडे टाकून. नाहीतर बुडतात. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या असतील तर रात्री सगळी पिल्लं एकीखाली सारा. दुसरी लवकर अंड्यावर येते. मांजर, मुंगूस, घार यांच्यापासून पहिला महिना डालग्यात जपा.

आता मुख्य गोष्ट. 5 ते 7 दिवसांच्या पिल्लाला राणीखेत लसीचा डोळ्यात थेंब लागतो. ही रोगाची साथ आली की कळपच्या कळप जातो. पण लसीची शिशी निदान 100 पिल्लांची असते आणि उघडल्यावर लगेच संपवावी लागते. एकट्याच्या 10 पिल्लांसाठी कोणी शिशी आणत नाही, म्हणून लसच राहून जाते. तेव्हा आपल्या गावातल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवा. जी आधी तयार होईल तिला खुणेच्या अंड्यांवर 3-4 दिवस थांबवता येतं.

ज्यांच्याकडे आज कोंबडी खुडूक आहे, त्यांनी गावाचं नाव आणि बसवण्याची तारीख या ग्रुपवर टाका. गावनिहाय यादी झाली की लस बर्फाच्या डब्यातून कोणत्या दिवशी येईल ते कळवू.