पंचाहत्तर वॉटांची मर्यादा

चि. ओंकार,

जुन्या ऑप्टिप्लेक्स ९०२० ला बजेटमध्ये बसणारं कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं, असं विचारून तू कार्डांची यादी पाठवलीस. ती वेगाच्या क्रमाने लावली आहेस, आणि माझी हरकत तिथेच आहे. जुन्या मशीनमध्ये निवड सुरू होते ती वीजपुरवठा, स्लॉट आणि प्रोसेसर यांच्यापासून. तुझ्या टॉवरचा एसएमपीएस २९० वॉटचा आहे आणि त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायर निघत नाही. म्हणजे कार्डाला मिळेल ते पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधूनच, आणि तिथली मर्यादा ७५ वॉट. या एका आकड्यानेच तुझी अर्धी यादी गळते.

तू म्हणशील, लॅमिंग्टन रोडला जुनं आरएक्स ५८० स्वस्तात मिळतं आणि ते जीटीएक्स १६५० पेक्षा जोरदार आहे. आहेच. पण ते १८५ वॉट ओढतं. एसएमपीएस बदलायचा तर या मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर बसत नाही, डेलचा स्वतःचा ८ पिनांचा लागतो. अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण चांगला एसएमपीएस आणि अ‍ॅडॉप्टर धरून बेरीज केलीस की स्वस्ताई उरत नाही. साटाच्या वायरवरून कार्डाला वीज जोडून देतो असं कोणी म्हणालं, तर तिथून उठून ये. तो कनेक्टर १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॉट पेलतो, जास्त भार आला की वितळतो. शिवाय आरएक्स ५८० सारखी कार्डं वर्षानुवर्षं इथेरियमच्या मायनिंगला जुंपलेली असायची. ते मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं आणि मग ती विकायला निघाली.

मर्यादेत बसणारी सगळीच कार्डं तुझ्या कामाची नाहीत. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉट घेतं, पण त्याला चारच लेन आहेत. तुझा स्लॉट तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे चौथ्या पिढीच्या तुलनेत डेटाचा वेग निम्मा होतो. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही, आणि तू तर एडिटिंग करतोस. इंटेलच्या आर्क ए३८० ला रिसायझेबल बार लागतो, तो तुझ्या बायोसमध्ये नाही. जीटी १०३० ची डीडीआर४ आवृत्ती तर घेऊच नकोस: नाव तेच, पण मेमरीचा वेग मूळ आवृत्तीच्या जेमतेम एकतृतीयांश. १०५० टीआय हे २०१६ चं कार्ड, आणि त्या पिढीचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत.

उरतात दोन: जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती. माझा कौल दुसऱ्याला. ते ७० वॉटमध्ये चालतं, आठ लेन वापरतं आणि त्यात एन्कोडर आहे. इतक्या जुन्या मशीनला नवं कार्ड कशाला, ही शंका रास्त आहे. तुझा आय-फाइव्ह चार कोअर आणि चारच थ्रेडचा. अनेक नव्या गेममध्ये तोच आधी थकेल. हे आजच तपासता येतं. गेमचं रिझोल्यूशन खाली आण. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. वाढल्याच नाहीत तर प्रोसेसर, आणि मग कुठल्याही कार्डाने फार फरक पडणार नाही. तसं निघालं तर पैसे राखून ठेव. फ्रेम वाढल्या तर मात्र ३०५० घे, कारण हे मशीन गेलं तरी ते कार्ड पुढच्यात बसेल. तेवढी रक्कम जमत नसेल, तर जास्तीची पॉवर न लागणारं जुनं १६५० दुकानातच अर्धा तास चालवून बघ आणि मग घे.

एक सांभाळ. ३०५० ची ८ जीबी आवृत्तीही आहे, ती १३० वॉटची. कार्डावर पॉवरचा सॉकेट नाही ना, हे डोळ्यांनी बघ आणि बिलावर ६ जीबी असं लिहून घे.

तुझा,
काका