शेताखालून जाणारा वायूचा नळ : जमीनधारकानें काय जाणावें

युरियाचें पोतें ज्याच्या घरांत येत नाहीं, असा बागाइतदार जळगांव-धुळें भागांत विरळाच. परंतु त्या पोत्याचें मूळ समुद्राच्या तळाखालीं आहे, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. ज्या नैसर्गिक वायूपासून हें खत होतें, तोच वायु उद्यां नळांतून आपल्या शेताखालून जाऊं शकतो. तेव्हां हा उद्योग कसा चालतो आणि नळ आल्यास आपल्या हातीं काय राहतें व काय जातें, हें कृषकबंधूंस समजावून सांगण्याचें येथें योजिलें आहे.

१. वायु कोठून येतो

मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटर अंतरावर समुद्रांत ‘मुंबई हाय’ हें तेलक्षेत्र आहे. तेल व नैसर्गिक वायु आयोग १९५६ सालीं स्थापन झाला. त्याच्या ‘सागर सम्राट’ या वेधनयंत्रानें १९७४ सालीं येथें तेल शोधून काढिलें व १९७६ पासून उत्पादन सुरू झालें. तेलाबरोबर वायूहि निघतो. तो समुद्रतळावरील नळांनीं किनाऱ्यास आणितात. उरण व गुजराथेंतील हजिरा हीं त्याचीं दोन मुख्य ठाणीं होत. तेथें त्यांतील पाणी व इतर मळ काढून टाकितात, आणि जड वायु निराळे करून त्यांपासून स्वयंपाकाच्या सिलिंडरांतील वायु करितात. बाकी राहतो तो मुख्यत्वेंकरून मिथेन.

मिथेनपासून हायड्रोजन काढावयाचा, हवेंतून नत्र घ्यावयाचें, व दोहोंच्या संयोगानें अमोनिया तयार करावयाचा. त्याच क्रियेंत निघालेला कार्बन डायऑक्साइड अमोनियाशीं मिळविला म्हणजे युरिया होतो. अलिबागजवळील थळ येथील कारखान्यांत हेंच चालतें. युरियांत नत्राचें प्रमाण शेंकडा ४६; म्हणजे ४५ किलोच्या पोत्यांत सुमारें २०.७ किलो नत्र आपल्या हातीं पडतें.

२. साठवण व वहन

धान्य कोठारांत राहतें, तसा वायु सहज राहत नाहीं. युरोप-अमेरिकेंत रिकाम्या झालेल्या जुन्या वायुक्षेत्रांत उन्हाळ्यांत वायु दाबून भरितात व थंडींत काढून वापरितात. आपल्या पूर्वजांच्या ज्वारीच्या पेवाचीच ही मोठी आवृत्ति म्हणावी. आपल्याकडे परदेशांतून जो वायु जहाजानें येतो, तो शून्याखालीं सुमारें १६० अंश थंड करून द्रवरूपांत आणिलेला असतो. त्यामुळें तो सुमारें सहाशें पटींनीं कमी जागेंत मावतो. गुजराथेंत दहेज येथें २००४ पासून व रत्नागिरी जिल्ह्यांत दाभोळ येथें २०१३ पासून अशा वायूच्या टाक्या आहेत. तेथून पुढें त्याचा पुन्हां वायु करून नळांत सोडितात.

हें वहनाचें काम मुख्यतः १९८४ सालीं स्थापन झालेली सरकारी कंपनी ‘गेल’ करिते. हजिऱ्याहून मध्यप्रदेशांतील विजयपूर व उत्तरप्रदेशांतील जगदीशपूरपर्यंतचा मोठा नळ तिनेंच टाकिला. मुंबईहून नागपूर व पुढें ओडिशांतील झारसुगुड्यापर्यंतचा नळहि तिनें हातीं घेतला. खानदेशास नळ अगदींच नवा नाहीं. मनमाडहून इंदूरजवळील मांगल्याकडे जाणारा पेट्रोल-डिझेलचा नळ आपल्याच मुलुखांतून गेला आहे. तेलाचा असो कीं वायूचा, दोहोंस कायदा एकच.

३. कायदा काय म्हणतो

हा कायदा १९६२ चा. त्याचें मर्म एका वाक्यांत असें कीं, जमीन तुमचीच राहते. सरकार घेतें तो केवळ तिच्या खालून नळ नेण्याचा वापर-हक्क.

प्रथम कलम ३ अन्वयें राजपत्रांत अधिसूचना निघते. तिच्या प्रती लोकांस उपलब्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आंत हितसंबंधी इसमास सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेतां येते, व त्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि द्यावी लागते. नंतर कलम ६ अन्वयें घोषणा झाली म्हणजे वापर-हक्क सरकारकडे व तेथून कंपनीकडे जातो. राहतें घर, त्यास लागून असलेली जागा व पूर्वींची पक्की इमारत यांखालून नळ नेतां येत नाहीं. तसेंच तो जमिनीच्या पृष्ठभागापासून निदान एक मीटर खोल असला पाहिजे.

नळ पुरल्यावर ती जमीन पूर्वीं ज्या कामीं वापरांत होती, त्या कामीं वापरण्यास मालक मोकळा आहे. कपाशी, ज्वारी, हरभरा खुशाल पेरावा. परंतु अधिसूचित पट्ट्यांत तीन गोष्टी कायमच्या बंद होतात : इमारत बांधणें, विहीर, तळें वा बंधारा करणें, आणि झाड लावणें. केळीचें खोड यांत धरावें कीं नाहीं, ही शंका रावेर-यावलकडील बागाइतदारांस येणारच. त्यांनीं सक्षम प्राधिकाऱ्यास लेखी विचारून उत्तरहि लेखीच घ्यावें.

४. नुकसानभरपाई

भरपाई दोन प्रकारची असते. पहिली, उभें पीक, तोडलेलीं झाडें व इतर प्रत्यक्ष नुकसान यांची. पुढें दुरुस्तीसाठीं शेत खणलें तर त्या वेळचें नुकसानहि यांत येतें. दुसरी, अधिसूचनेच्या तारखेस त्या पट्ट्याचा जो बाजारभाव असेल, त्याच्या शेंकडा १०. समजा, पट्ट्यांत २० आर जमीन गेली व भाव हेक्टरीं ३० लाख रुपये आहे. तर किंमत ६ लाख व त्याचा दहावा हिस्सा ६० हजार. ठरलेली रक्कम मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागतां येते.

आतां विचार करावा. साठ हजार रुपये एकदांच मिळतात; पण आपल्या भागांत गिरणा-तापीच्या कांठापासून दूर असलेल्या शेताचें मोल विहिरीवर ठरतें. पाणी लागण्याजोगी जागा जर पट्ट्यांत गेली, तर नातवंडांसहि तेथें विहीर खणतां येणार नाहीं. म्हणून हरकत घ्यावयाची ती ‘नळ नको’ एवढ्यावरच न थांबतां, ‘अमुक गटांत अमुक ठिकाणीं विहिरीची जागा आहे, नळ पूर्वेच्या बांधाकडून न्यावा’ अशी, नकाशासह घ्यावी. नेमक्या मागणीचा विचार करणें अधिकाऱ्यासहि सोपें जातें.

५. दप्तर सांभाळावें

महसूल खात्यांत कारकुनी करितांना एक गोष्ट मीं वारंवार पाहिली. भरपाईची यादी निघे, पण सातबाऱ्यावर वारलेल्या वडिलांचेंच नांव; वारसनोंद नाहीं, भावांचें वाटप तोंडी. मग रक्कम अडून राही व भाऊ एकमेकांवर रुसत. दोष पैशांचा नव्हे, न केलेल्या नोंदीचा. एकदां एक वृद्ध गृहस्थ मुदत संपल्यावर चार दिवसांनीं हरकतीचा कागद घेऊन आले. अक्षर सुंदर, म्हणणें रास्त. पण दिवस गेले होते. त्यांस परत पाठवितांना माझ्याच्यानें वर बघवलें नाहीं.

तरी पुढील गोष्टी आजच कराव्या :

(१) वारसनोंद व पीकपाहणी पुरी करून घ्यावी. विहीर, झाडें व पाइपलाइन यांची नोंद सातबाऱ्यावर आहे कीं नाहीं, तें पाहावें.

(२) मोजणीस माणसें आलीं म्हणजे कोणत्या कंपनीचीं व कोणत्या अधिसूचनेवरून, हें विचारून लिहून ठेवावें.

(३) हरकतीच्या अर्जाची पोंच घ्यावी. पंचनाम्याच्या वेळीं स्वतः हजर राहावें, व न वाचतां सही करूं नये.

(४) जमीन विकत घेण्यापूर्वीं ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा व बांधावर नळाच्या खुणेचे दगड वा पाट्या आहेत काय, तें पाहावें.

(५) नळाजवळ खोल नांगरट वा खोदकाम करण्यापूर्वीं पाटीवरील क्रमांकावर कळवावें. वायु डोळ्यांस दिसत नाहीं. धोका मात्र खरा असतो.

नळ देशाच्या उपयोगाचा आहे, आणि त्याच वायूचें खत आपल्या पिकास मिळतें. तेव्हां उगाच विरोध करण्याचें कारण नाहीं. पण देशासाठीं वाट देतांना आपली विहीर कोठें येते, हें पाहण्याचा हक्क कायद्यानेंच आपणांस दिला आहे. त्याची मुदत अवघी एकवीस दिवसांची आहे, एवढें विसरूं नये.