हॅलोवीनची सोंगं आणि देवघरातलं कुंकू

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी घरांत भाजणी आणि भोपळा एकाच आठवड्यात आणला जातो. फराळाचं कुणी मला विचारत नाही, पण मुलांच्या सोंगांसाठी मात्र फोन सुरू होतात, कारण मंडळाच्या एकांकिकांची रंगभूषा बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ‘ताई, ड्रॅक्युलाच्या तोंडाला रक्त कशाचं लावू? घरात कुंकू आहे, तेलात कालवलं तर? आपलंच आहे, काही होत नाही.’

होतं. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून केलेलं कुंकू आता किती जणांच्या डबीत असतं? बाजारातल्या लालभडक कुंकवात बहुधा रासायनिक रंग असतात आणि त्यांनी कपाळावर खाज, पुरळ, काळपट डाग येतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला ठाऊक आहे. भांगात भरायच्या सिंदूराचं तर त्याहून वाईट. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या न्यू जर्सीतल्या आणि तिकडे मुंबई-दिल्लीच्या दुकानांतून सिंदूराचे 118 नमुने घेऊन तपासले. 2017 साली ते निष्कर्ष छापून आले. ऐंशी टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत शिसं होतं, आणि काहींत ते अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. मोठ्या बाईच्या भांगातला सिंदूर निदान तिथेच राहतो. पोराच्या ओठांच्या कडेला लावलेलं ‘रक्त’ चॉकलेटाबरोबर चाटून पोटात जातं. मुलांच्या शरीरात शिसं इतपत असलं तर चालेल, अशी पातळीच डॉक्टर मानत नाहीत.

काजळाचंही तसंच. समुद्री चाच्याची मिशी, मांजराचं नाक, चेटकिणीच्या गालावरचा तीळ, सगळ्याला हात काजळाच्या डबीकडे जातो. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ वेगळं आणि किराणा दुकानात मिळणारा सुरमा वेगळा. पारंपरिक सुरम्यात शिशाचंच खनिज असतं, म्हणून एफडीएने तो रंग म्हणून वापरायला इथे बंदीच घातली आहे. मिशी काढायला औषधांच्या दुकानातली साधी आयब्रो पेन्सिल पुरते. रक्त हवं असेल तर कॉर्न सिरपमध्ये खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर घाला. कोकोमुळे तो बाळबोध लाल जाऊन रक्ताचा गडदपणा येतो. कपड्यांना डाग पडतो, तेवढं मात्र सोसा.

आता घराबाहेरच्या रंगांकडे. एका वर्षी हॅलोवीनच्या संध्याकाळी शेजारच्या वहिनी आपल्या मुलाला घेऊन दारात आल्या. तो हल्क झाला होता, कपाळापासून गळ्यापर्यंत हिरवागार. ‘काकू, मला हसता येत नाहीये,’ तो ओठ न हलवता म्हणाला. हस्तकलेच्या बाटलीतला ॲक्रिलिक रंग होता तो. वाळल्यावर त्याचं प्लॅस्टिकचं पातळ कातडं होतं आणि मग ते पाण्याला दाद देत नाही. तोंडाच्या कोपऱ्यांत तो तडकला होता. एक पापुद्रा नखाने उचलला तर गालावरची लव त्याच्यासोबत उपटून आली आणि पोराने किंकाळी फोडली. मग ओरबाडणं बंद करून खोबरेल तेल लावलं, कोमट पाण्याची घडी ठेवली, पुन्हा तेल लावलं. भुवया सगळ्यात शेवटी सुटल्या. खालची कातडी लालबुंद. वडील शेवटपर्यंत बाटली पुढे करत होते, ‘यावर नॉन-टॉक्सिक लिहिलंय हो!’ खरंच लिहिलं होतं. कागदावर चित्र काढताना चुकून बोट तोंडात गेलं तर विषबाधा होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो रंग तासन्‌तास चेहऱ्यावर ठेवायला केलेला नाही. हस्तकलेच्या चमकीलाही हाच न्याय. तिचा एक कण डोळ्यात गेला तर बुबुळावर ओरखडा उठतो.

तेव्हा चेहऱ्यासाठीच केलेला रंग घ्या आणि डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. चेहऱ्याला चालणारा प्रत्येक रंग डोळ्यांपाशी चालत नाही. एफडीएने सौंदर्यप्रसाधनांसाठी मान्य केलेल्या झगझगीत फ्लुओरेसंट रंगांपैकी एकही डोळ्यांभोवती लावायला परवानगी नाही. अंधारात चमकणारं झिंक सल्फाइड हॅलोवीनसारख्या क्वचितच्या प्रसंगापुरतं मान्य आहे, तेही डोळ्यांपासून लांब. डबी उघडल्यावर कुबट वास आला तर सरळ कचऱ्यात, मग ती कितीची का असेना.

आणि दोन-तीन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून बघा. लाली, खाज, सूज आली तर तो रंग त्या मुलाला नको. हे एवढंसं काम कुणी करत नाही, कारण सामान 31 तारखेला दुपारी आणलेलं असतं. मंडळात रांगेने मुलं रंगवायची असतील तर एकच स्पंज सगळ्यांच्या तोंडावरून फिरवू नका. डोळे आणि ओठांसाठी प्रत्येकाला नवी कापसाची काडी घ्या.

मोठ्या मुलांना मांजरीच्या डोळ्यांच्या लेन्स हव्या असतात. नंबर नसला तरी 2005 पासून अमेरिकेत कॉन्टॅक्ट लेन्स चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. जत्रेच्या ठेल्यावर किंवा ऑनलाइन ‘सगळ्यांना बसते’ म्हणून मिळणारी लेन्स कुणालाच नीट बसत नाही. बुबुळाला जखम, जंतुसंसर्ग, कधी दृष्टीही जाते. मैत्रिणीशी अदलाबदल तर अजिबात नाही. माझं मत विचाराल तर चांगली भुवई काढली की लेन्सकडे कुणी बघतही नाही.

रात्री मूल गाडीतच झोपलं तरी उठवून तोंड साफ करा. तेलकट रंग कोल्ड क्रीमने, पाण्यातला साबणाने, घासून नव्हे. डोळ्यात गेलाच तर चोळू न देता पंधरा मिनिटं स्वच्छ कोमट पाण्याची धार धरा. जळजळ थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा, आणि जाताना रंगाची डबी बरोबर घ्या. आत काय आहे ते त्यांना त्यावरूनच कळतं.