‘पॉझिटिव्ह राहा’ हा धीर नव्हे

कॅन्सरच्या पेशंटला भेटायला येणारे शहाळं टेबलावर ठेवतात, खुर्ची ओढतात आणि म्हणतात, ‘पॉझिटिव्ह राहा, अर्धं दुखणं मनातच असतं.’ हे वाक्य पुष्कळदा ऐकून घेतलंय, म्हणून स्पष्टच लिहिते: हा धीर नव्हे, आरोप आहे. उद्या केमो लागू पडली नाही, तर आमचंच मन कमी पडलं असा त्याचा हिशेब होतो. मग माणूस रडणं, न लागणारी झोप, स्कॅनच्या आधीची पोटातली कालवाकालव, सगळं लपवू लागतो, डॉक्टरांपासूनसुद्धा. मुळात या वाक्याला आधार तरी काय? 1989 साली डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या, गटोपचार घेणाऱ्या बायका जास्त जगल्याचं दिसलं आणि लोकांनी तेवढंच धरून ठेवलं. 2001 मधल्या कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात अशाच गटोपचाराने आयुष्य वाढलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या.

‘आयुष्य वाढत नसेल तर मनाकडे बघायचं कशाला?’ असं कुणी विचारेल. बघायचं, कारण हा त्रास स्वतःच एक दुखणं आहे, आणि खचलेला माणूस गोळ्याही चुकवतो, तारखाही. शिवाय त्यावर उपचार आहेत. 2014 साली स्कॉटलंडमधल्या चाचणीत तीव्र नैराश्य असलेल्या कॅन्सर पेशंटांना नीट आखलेले उपचार मिळाले, तेव्हा 62 टक्के जणांची लक्षणं सहा महिन्यांत निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली. नेहमीच्या पद्धतीत फक्त 17 टक्के जणांची. ओपीडीत मनाचं विचारायला वेळ नसतो, हे मला मान्य नाही. मनाचा त्रास किती हे दाखवायला 0 ते 10 अशी पट्टी छापलेला एक कागद असतो, 4 किंवा वर खूण झाली की पुढे चौकशी करायची. वजन करायला याहून जास्त वेळ जातो! कुणी विचारलं नाही, तर आपला आकडा आपणच सांगा. नैराश्याची गोळी सुरू करताना कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवाच. पॅरॉक्सेटिनसारख्या गोळ्या स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेन या औषधाच्या कामात अडथळा आणतात. जेवा, थोडं चाला. घरच्यांनी ‘कसं वाटतंय?’ विचारलं, तर उत्तर संपेपर्यंत थांबावं. आणि रात्री दोनला घर खायला उठलं, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.