बाटलीतले आमर

गेल्या मे महिन्यात माझी मावशी बँकॉकची सहल करून आली. आम्हा भावंडांना खाऊ आणि आईला रबरी बूच लावलेली एक काचेची बाटली. आत काळसर, खळीसारख्या थरात बोटाच्या पेराएवढी पाच हिरवी रोपे उभी होती. “ताई, ऑर्किड आहे, लाव,” एवढेच मावशी म्हणाली. (परदेशातून अशी रोपे आणायची तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. हे मावशीला ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. वाचकांनी ती चूक करू नये.)

आईला झाडांची हौस फार, जागा मात्र एका गॅलरीपुरती. तिने त्याच दिवशी बूच काढले, लाल माती व शेणखत घालून कुंडी भरली, रोपे लावली आणि चांगले ऊन मिळावे म्हणून कठड्यावर ठेवली. संध्याकाळी पाने आडवी झाली. आईने पाणी घातले. सकाळी ती अधिकच मलूल दिसली, तेव्हा आणखी घातले. चौथ्या दिवशी तीन रोपे बुडाशी काळी पडून गळाली. आई कोणाला काही बोलली नाही, पण बाटली धुऊन तिने खिडकीत जपून ठेवली, ते मला पाहवेना.

मी कला शाखेची विद्यार्थिनी; वनस्पतिशास्त्राशी संबंध शाळेतच सुटला. तरीही शास्त्र शाखेच्या सरांना गाठले. त्यांनी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, “अहो, ते तहानलेले नाही. ते उघड्यावर पडले आहे.” त्या वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी जे वाचले, ते येथे मांडते.

ऑर्किडला मराठीत आमर म्हणतात. आमराचे बी धुळीसारखे बारीक. त्यात रोपासाठी अन्नाचा साठाच नसतो. रानात एका बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. १९२२ साली लुईस नुडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले की बुरशीऐवजी साखर दिली तरी बी रुजते. पुढे १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी फ्रान्समध्ये आमराच्या कोंबाच्या टोकापासून एकसारखी अनेक रोपे तयार केली. हेच ऊतकसंवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चर. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर अशा संवर्धनातल्या बांबूला बाटलीतच फुले आली. ते संशोधन १९९० साली प्रसिद्ध झाले.

आता बाटलीतला संसार पाहा. तळाशी समुद्रातल्या शेवाळापासून काढलेले अगार, त्यात क्षार आणि लिटरमागे साधारण २० ते ३० ग्रॅम साखर. हवा ओलाव्याने जवळजवळ भरलेली, उजेड दिव्याचा, जंतू एकही नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या पानावर पाणी अडवणारा मेणचट थर नीट बनत नाही. पर्णरंध्रे असतात, पण बाहेर कोरडेपणा वाढला की मिटून घ्यावे, ही सवय त्यांना नसते. साखर आयती मिळत असल्याने स्वतः अन्न करण्याची पानांची ताकदही बेताचीच. मुळे अगारात वाढलेली, ठिसूळ. असे रोप उन्हात ठेवले की पानांतून पाणी निसटत राहते आणि मुळे ते भरून काढू शकत नाहीत. वर आपण कुंडीत पाणी ओततो, म्हणजे मुळांना हवाही मिळत नाही आणि ती कुजतात. बुडाला चिकटलेल्या गोड अगारावर बुरशी चढते, ते वेगळेच. रोपाला हवा असतो हवेतला ओलावा. आम्ही दिला मातीतला.

उरलेली दोन रोपे सरांच्या सांगण्यावरून उपटली. कोमट पाण्यात धरून बोटांनी हलकेच चोळत खळीचा कण न् कण काढला. माती पूर्ण वगळली. आमर हे बहुधा झाडावर वाढणारे. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी फांदीला धरून मुळे हवेत सोडते, ती पाहिली असेल तर हे वेगळे सांगावे लागत नाही. भिजवून पिळलेला नारळाचा काथ्या आणि लाकडी कोळशाचे तुकडे एका लहान भांड्यात भरून त्यात रोपे टेकवली. वर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी, आणि जागा उत्तरेच्या खिडकीत, ऊन थेट न लागणारी. खत अजिबात नाही.

आठवडाभर पिशवी बंद. मग रोज पाच-दहा मिनिटे उघडायची, पाने ताठ राहिली तर दुसऱ्या दिवशी थोडी अधिक. लवली तर पुन्हा बंद. पाणी काथ्या कोरडा होऊ लागल्यावरच. या कामाला महिना लागला आणि आईचा हात तांब्याकडे जाताना आवरणे हेच त्यातले कठीण काम होते.

दोनांपैकी एक रोप जूनमध्ये गेले. दुसऱ्याची जुनी पानेही पिवळी पडली, तेव्हा मी आशा सोडली होती. पण सर म्हणाले होते की बाटलीतली पाने पुढे फारशी सुधारत नाहीत. बाहेर फुटलेले पहिले पान पाहा. ते जुलैच्या अखेरीस आले: आखूड, जाड, गडद हिरवे, बोटाला किंचित मेणचट लागणारे. पाठोपाठ टोकाशी हिरवे असलेले एक पांढरे मूळ कोळशाला चिकटले. मग फार सौम्य खत सुरू केले.

आज त्याला चार पाने आहेत. फुलाला अजून दोन-तीन वर्षे तरी हवीत. मावशी दिवाळीला आली तेव्हा तिने विचारले, “बाकीची चार कुठे गं?” आई म्हणाली, “पाणी जास्त झालं.”